माणूस गेल्यावर देवाशी बोलायचं कसं

सुतकात बऱ्याच घरांत देवपूजा थांबते, आणि नेमकी तेव्हाच देवाची गरज सर्वांत जास्त असते. पूजा थांबली तरी नामस्मरणाला सुतक नसतं. तिन्हीसांजेला पाच मिनिटं बसा. १०८ मण्यांची माळ पुरी करायचा हट्ट नको. ११ वेळा ‘विठ्ठल’ म्हटलं तरी पुरे. मोठा नेम धरला की चौथ्या दिवशी मोडतो, आणि मग ‘आपली श्रद्धाच कच्ची’ ही टोचणी दुःखात भर घालते.

राग आला तर तो देवालाच सांगा, अगदी मोठ्यानं. वारकरी संत विठोबाशी उघड भांडले आहेत. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. त्यांनी ती तडफड देवापासून लपवली नाही. रडणं म्हणजे अविश्वास नव्हे.

भेटायला जाणाऱ्यांनी ‘देवाची इच्छा’ हे शब्द टाळावेत. ते ऐकून दुखावलेल्या माणसाला देवच वैरी वाटू लागतो. नुसतं जवळ बसा. पिठलं-भाकरी घेऊन जा.

तेराव्यानंतर पाहुणे परततात. खरी कसोटी तिथून. पहिली दिवाळी, वाढदिवस, वर्षश्राद्ध या तारखा कालनिर्णयावर आधीच खुणावून ठेवा आणि त्या दिवशी सोबत कोण असेल ते ठरवा. औषधोपचारानं श्रद्धा उणी होत नाही. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं तर डॉक्टरांकडे जा; जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा.