तुमचा फोटो न विचारता वापरलाय? जाहीर बोलण्याआधी हे करा

आपण काढलेला फोटो दुसऱ्याच्या नावावर फिरताना दिसला की चारचौघांत जाब विचारावासा वाटतो. राग रास्तच आहे, पण दहा मिनिटं थांबा. तुमची पोस्ट पडताच समोरचा फोटो काढून टाकतो आणि मग तुमच्या हाती काहीच उरत नाही.

आधी स्क्रीनशॉट घ्या. लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि फोटोखालचा मजकूर एकत्र दिसायला हवा. पान सगळ्यांना खुलं असेल तर वेबॅक मशीनवरही (वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) जतन करा. बंद ग्रुपमध्ये ते चालत नाही, तिथे स्क्रीन रेकॉर्डिंग करा. मग गूगल लेन्स आणि टिनआय, या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या दोन्ही सेवांवर शोधा. तुम्हाला दिसलेली पोस्ट कित्येकदा तिसऱ्या-चौथ्या हाताची असते आणि पहिली उचल भलत्याच कुणाची निघते.

आता फोटो तुमचाच आहे हे दाखवायचं. एक्झिफ माहितीवर, म्हणजे फाइलमध्ये आपोआप नोंदलेल्या तारीख-कॅमेरा वगैरे तपशिलावर, विसंबू नका. ती बदलता येते, शिवाय बरीच समाजमाध्यमं अपलोड होतानाच ती काढून टाकतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि त्याच क्षणाच्या आधी-नंतरच्या फ्रेम जास्त बोलतात. समजा तुमचा मूळ फोटो ६०००×४००० पिक्सेलचा आहे आणि उचललेला १०८०×१०८० चा चौकोन. मूळ फोटोत डावीकडे पक्ष्याचा अख्खा पंख आहे, त्यांच्याकडे तो मध्येच कापलाय. हे दोन्ही शेजारी ठेवा. कापलेल्या कडेपलीकडचं खरं चित्र त्यांना आणता येत नाही. मात्र जाहीर तुलनेसाठी छोटी प्रत वापरा; रॉ फाइल कुणालाही देऊ नका.

स्वतःची बाजूही तपासा. फोटो नोकरीत किंवा करारावर काढला असेल तर हक्क दुसऱ्याचा असू शकतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (ठरावीक अटींवर कुणालाही वापराची मुभा) दिला असेल तर दिलेली मुभा मागे घेता येत नाही. अटी मोडल्या असतील तेवढंच बोला.

पहिला निरोप खासगीत, चार ओळींचा: फोटो माझा, तुमची लिंक ही, परवानगी दिलेली नाही, ४८ तासांत काढा किंवा मोबदल्याचं बोलू. उत्तर आलं नाही तर जाहीर लिहा.

जाहीर पोस्टमध्ये फक्त दाखवता येईल तेच असावं: दोन फोटो, दोन तारखा, तुमची मागणी. ‘चोर’ हा शब्द टाळा, नाहीतर फोटो बाजूला राहतो आणि बदनामीचा वाद सुरू होतो. समोरच्याचा फोन नंबर, घर, नोकरी यातलं काही टाकू नका. कुणी प्रतिक्रियेत टाकलं तर लगेच काढा. ‘नाव दिलंय ना?’ हा प्रश्न हमखास येतो. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे, एवढं एकदाच शांतपणे सांगा. ‘इंटरनेटवर होता’ यालाही उत्तर आहे: १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारातल्या देशांत हक्क फोटो काढताच मिळतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही.

वाद घालत बसण्यापेक्षा त्याच वेळी माध्यमाकडे तक्रार द्या. अमेरिकी कंपन्यांकडे १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली नोटीस चालते. पानाची नव्हे, त्या फोटोची नेमकी लिंक द्या. अर्धवट नोटिसा तिथेच अडकतात. तुमचं नाव आणि पत्ता समोरच्यापर्यंत पोहोचू शकतो, हे धरून चला. त्याने उलट नोटीस (फोटो चुकून काढला गेला असं सांगणारी) दिली आणि तुम्ही कोर्टात दावा लावल्याचं कळवलं नाही, तर १० ते १४ कामकाजी दिवसांत फोटो परत दिसू लागतो.

फोटो निघाला किंवा मोबदला ठरला की पोस्टच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा आणि प्रतिक्रिया बंद करा.