पायकैरो सोर्समधून बांधण्यापूर्वीची तयारी : गावाकडच्या संगणकांसाठी

कैरो ही सी भाषेत लिहिलेली द्विमितीय चित्रणाची लायब्ररी असून पायथनमधून ती वापरण्यासाठी पायकैरो हे बाइंडिंग, म्हणजे दोघांना जोडणारा दुवा, लागते. शाळेची गुणपत्रके असोत, तालुक्याच्या पर्जन्यमानाचे आलेख असोत की ग्रामपंचायतीचे छापील नमुने, जे काही पीडीएफ, एसव्हीजी किंवा पीएनजी स्वरूपात रेखीव काढायचे आहे त्यासाठी ही जोडी भरवशाची आहे. विंडोजसाठी पायकैरोचे तयार व्हील, म्हणजे आधीच बांधलेले आणि थेट बसवता येणारे पॅकेज, मिळते. लिनक्स आणि मॅकवर मात्र पिप हे पायथनची पॅकेजे बसवणारे साधन नुसता सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून घेते आणि तो तुमच्याच संगणकावर कंपाइल करू लागते, म्हणजे त्याचे मशीन-कोडमध्ये रूपांतर करू लागते. नागपुरात ब्रॉडबँडवर हे काम चहा संपायच्या आत होते. यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि लाइनचा भरवसा नसताना, तेच काम अर्ध्यावर अडकते, आणि बहुतेक वेळा कंपायलरपाशी नव्हे तर त्याच्या आधीच अडकते. पुढची तयारी त्यासाठी आहे.

सर्वांत आधी कंपाइल करण्याची खरोखर गरज आहे का, हे ठरवावे. उबुंटू आणि डेबियनमध्ये पायकैरो तयार पॅकेजच्या रूपात एपीटी या त्यांच्या पॅकेज-व्यवस्थापकामधून बसवता येते आणि सिस्टिमच्या पायथनवर काम भागत असेल तर तेच बसवून मोकळे व्हावे. वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (स्वतंत्र पॅकेजांचे अलग पायथन), सिस्टिमपेक्षा नवे पायथन किंवा पायकैरोची विशिष्ट आवृत्ती हवी असेल तरच सोर्सच्या वाटेला जाण्यात अर्थ आहे. हौसेने कंपाइल करण्यालाही माझा विरोध नाही, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी ती हौस करू नये.

गरज नक्की झाली की प्रत्येक संगणकापुढे बसून वहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: ऑपरेटिंग सिस्टिम व तिची आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार, पायथनची नेमकी आवृत्ती, आणि ते पायथन ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे. शेवटची गोष्ट विंडोजवर हमखास चुकते, कारण संगणक ६४ बिटचा असला तरी त्यावर बसवलेले पायथन ३२ बिटचे असू शकते. ही नोंद एवढी महत्त्वाची असण्याचे कारण असे, की बाइंडिंग म्हणजे कैरो आणि पायथन या दोघांच्या मध्ये बसणारी मशीन-कोडची फाइल असते. ती पायथनच्या एका ठरावीक आवृत्तीसाठी, एका ठरावीक प्रोसेसरसाठी आणि एका ठरावीक पद्धतीच्या कंपायलरने बनते. ३.१० साठी बनवलेली फाइल ३.१२ मध्ये चालत नाही. थ्री-फेजची मोटर सिंगल-फेजच्या लाइनला जोडण्यासारखा तो प्रकार असतो, म्हणजे वायर जोडता येते पण मोटर फिरत नाही.

यानंतर उतरवून घ्यायच्या फाइलींची जमवाजमव करावी, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी चांगले नेट असताना करावी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे काम काढू नये. पायकैरोचा सोर्स स्वतः अगदी लहान आहे, परंतु तेवढाच पेन ड्राइव्हवर घेऊन गावी परतणाऱ्याची फसगत होते. कारण अलीकडच्या आवृत्त्या मेसन या बिल्ड-सिस्टिमवर, म्हणजे बांधणीची आखणी करणाऱ्या साधनावर, बांधल्या जातात आणि बांधणी सुरू करताना पिप एक वेगळे तात्पुरते वातावरण तयार करून त्यात मेसन, पिपला मेसनशी जोडणारे मेसन-पायथन आणि त्यांचे सोबती नव्याने इंटरनेटवरून आणू पाहते. नेट नसेल तर एकही सी फाइल कंपाइल होण्याआधी काम थांबते. म्हणून मेसन, मेसन-पायथन, प्रत्यक्ष बांधणी चालवणारे निंजा आणि त्यांना लागणारी इतर पॅकेजे पिपच्या डाउनलोड आदेशाने एका फोल्डरमध्ये आधीच साठवावीत, आणि गावी बसवताना पिपला इंटरनेटकडे न जाता त्याच फोल्डरमध्ये शोधायला सांगावे. एपीटीच्या पॅकेजांनाही हाच नियम आहे, फक्त तिथे एक खोच आहे: दुसऱ्या उबुंटूवर ‘फक्त उतरवून घ्या’ हा पर्याय वापरला, तर त्या संगणकावर आधीच असलेली पॅकेजे उतरत नाहीत आणि तुमच्या संगणकावर नेमकी तीच कमी पडतात. त्यामुळे उतरवून घेणारा संगणक त्याच आवृत्तीचा आणि शक्यतो ताज्या इन्स्टॉलेशनचा असावा.

पेन ड्राइव्ह फॅट-३२ स्वरूपाचा असेल तर त्यावर सोर्सचा गठ्ठा (संकुचित फाइल) सोडवू नये. त्या स्वरूपात सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) आणि फाइल चालवण्याची परवानगी टिकत नाही, म्हणून गठ्ठा तसाच न्यावा आणि संगणकाच्या डिस्कवर उतरवल्यावरच उघडावा.

विजेचा आणि घड्याळाचा विचार आमच्याकडे एकत्रच करावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दीड महिना बंद राहिलेल्या शाळेच्या संगणकांत मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपलेली असते आणि चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते. त्याचे दोन परिणाम होतात. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरून पिपचे डाउनलोड नाकारले जाते. आणि सोर्सच्या फाइलींची वेळ संगणकाच्या दृष्टीने भविष्यातली ठरल्यामुळे मेसन घड्याळ चुकल्याची तक्रार करून थांबते. हा संदेश पाहून लोक कंपायलर बदलत बसतात, तेव्हा आधी तारीख तपासावी आणि बॅटरी बदलून घ्यावी. शाळा गावठाण फीडरवर (गाववस्तीला वीज देणाऱ्या वेगळ्या लाइनवर) असली तरी मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेला की दुपारी लाइन जाणारच हे गृहीत धरून काम सकाळी काढावे. पायकैरो बांधायला फार वेळ लागत नाही, तरीही मध्येच वीज गेल्यास अर्धवट बिल्ड पुढे रेटू नये. अपुरी लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) पूर्ण समजली जाऊ शकते, म्हणून बिल्डचे फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करणे स्वस्त पडते.

उबुंटू किंवा डेबियनवर कंपायलर आणि मेक यांचा मूळ संच, बसवलेल्या लायब्ररी शोधून देणारे पीकेजी-कॉन्फिग, कैरोचे डेव्ह पॅकेज आणि पायथनचे डेव्ह पॅकेज एवढे चार जिन्नस जमले की सामग्री पुरी होते. नुसती कैरो लायब्ररी बहुधा आधीच बसलेली असते, कारण डेस्कटॉपवरचे कितीतरी प्रोग्राम तिच्यावर चालतात. पण कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइली (लायब्ररीतल्या आदेशांची ओळख सांगणाऱ्या फाइली) डेव्ह पॅकेजातच असतात. पायथनच्या हेडर फाइलींबाबत अधिक जपावे. सामान्य डेव्ह पॅकेज सिस्टिमच्या पायथनपुरतेच असते, म्हणजे उबुंटू २२.०४ वर ३.१० साठी आणि २४.०४ वर ३.१२ साठी; त्याहून नवे पायथन वेगळे बसवले असेल तर त्याच आवृत्तीचे डेव्ह पॅकेजही वेगळे लागते. सगळे बसल्यावर पीकेजी-कॉन्फिगला कैरोची आवृत्ती विचारून पाहावी. २२.०४ वर १.१६.० आणि २४.०४ वर १.१८.० असे उत्तर आले की हा भाग झाला. उत्तराऐवजी ‘पॅकेज सापडले नाही’ असे आले तर पिप चालवण्यात काहीच हशील नाही.

फेडोरावर पॅकेजांची नावे ‘डेव्ह’ऐवजी ‘डेव्हेल’ने संपतात, बाकी रीत तीच. मॅकवर आधी ॲपलची कमांड लाइन टूल्स आणि मग होमब्रू या पॅकेज-व्यवस्थापकामधून कैरो व पीकेजी-कॉन्फिग बसवावे. नव्या एम मालिकेच्या मॅकवर होमब्रू ‘ऑप्ट’ फोल्डरात राहते, इंटेलच्या मॅकवर ‘युझर-लोकल’मध्ये, आणि जुन्या मॅकवरून सगळा डेटा उचलून आणलेल्या नव्या मॅकवर दोन्ही असू शकतात. तिथे पायथन आणि कैरो एकाच होमब्रूचे आहेत ना, एवढे पाहावे.

विंडोजवर माझे स्पष्ट मत असे, की तयार व्हील मिळत असताना कंपाइल करू नये. गावातल्या शाळांमध्ये अजून विंडोज ७ चे संगणक आहेत आणि त्यांवर चालणारे शेवटचे पायथन ३.८ आहे, अशा ठिकाणी पिप स्वतःच त्या पायथनला मानवणारी जुनी पायकैरो निवडते, तेवढ्यावर समाधान मानावे. तरीही बांधायचेच असेल तर दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरने बसवलेले पायथन मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बनलेले असते, म्हणून त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स लागतात. ते काही जीबीचे असल्याने त्यांचा ऑफलाइन संच शहरात आधीच करून आणावा. दुसरी वाट एमसिस-टू या विंडोजवरच्या स्वतंत्र बिल्ड-संचाची. तिथे कंपायलर, कैरो आणि पायथन हे सगळे त्याच्याच भांडारातून येते आणि त्यात बांधलेले बाइंडिंग त्याच पायथनमध्ये चालते, अधिकृत पायथनमध्ये नव्हे. ही वाट विंडोज ७ वर आता बंद आहे. शिवाय पायथन ३.८ पासून विंडोजवर बाइंडिंगला लागणाऱ्या डीएलएल फाइली (विंडोजवरच्या सामायिक लायब्ररी) ‘पाथ’मधल्या फोल्डरांत शोधल्या जात नाहीत, ते फोल्डर प्रोग्राममधून स्पष्टपणे सांगावे लागते. बांधणी यशस्वी होऊनही इम्पोर्ट करताना ‘डीएलएल लोड झाली नाही’ असे दिसले, तर आधी संशय इथे घ्यावा.

कैरो स्वतःच सोर्समधून बांधण्याची वेळ क्वचित येते. आलीच, तर २०२३ मध्ये निघालेल्या १.१८ मध्ये ऑटोटूल्स ही बांधणीची जुनी पद्धत उरलेली नाही, मेसन हाच मार्ग आहे, हे ध्यानात ठेवून पिक्समन, फ्रीटाइप, फॉन्टकॉन्फिग आणि लिबपीएनजी या कैरोला लागणाऱ्या लायब्ररींची डेव्ह पॅकेजे आधी बसवावीत; ती सापडली नाहीत तर मेसन त्यांचा सोर्स नेटवरून आणू पाहते.

बांधणीनंतरच्या तपासणीची तयारीही आधीच करून ठेवावी. इम्पोर्ट करताना नाव ‘पायकैरो’ नसून नुसते ‘कैरो’ असते, आणि चाचणीच्या फाइलीला तेच नाव दिले तर पायथन लायब्ररीऐवजी तीच फाइल उचलते. पुढची चाचणी मराठी अक्षरांची. कैरोचा साधा मजकूर-आदेश एकेक चिन्ह ओळीने मांडतो, जोडाक्षरे जुळवत नाही. त्याला ‘विदर्भ’ काढायला सांगा: पहिली वेलांटी ‘व’च्या आधी येण्याऐवजी नंतर येऊन ‘द’वर झुकते, आणि ‘भ’वर रफार चढण्याऐवजी पाय मोडलेला ‘र’ वेगळा उभा राहतो. हा बांधणीतला दोष नाही. जोडाक्षरे जुळवण्यासाठी मजकूर मांडणारी पँगो ही लायब्ररी आणि त्यामागचे अक्षरे जुळवणारे हार्फबझ लागते, म्हणून मराठी छपाई हा हेतू असल्यास पँगो, ती पायथनमधून वापरू देणारे पायजीऑब्जेक्ट आणि लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट हे पहिल्याच डाउनलोडच्या यादीत धरावेत. फॉन्ट शोधणाऱ्या फॉन्टकॉन्फिगला मराठी चालणाऱ्या फॉन्टची यादी मागून तो खरोखर बसला आहे का, हे पाहता येते.

एका संगणकावर सगळे नीट चालले की पिपकडून त्याचे व्हील बनवून घ्यावे. त्याच आवृत्तीच्या उबुंटूवर चालणाऱ्या संगणक-खोलीतल्या बाकी यंत्रांवर ते थेट बसते. तिथे कंपायलर आणि डेव्ह पॅकेजे लागत नाहीत, फक्त मूळ कैरो लायब्ररी असावी लागते. व्हीलच्या फाइलीच्या नावातच पायथनची आवृत्ती आणि प्रोसेसर लिहिलेला असतो, तो वहीतल्या नोंदीशी जुळवून मगच पेन ड्राइव्हवर घ्यावा.