आयटीतली नोकरी सोडून शेतीकडे कसे वळावे: राजीनाम्याआधीची आणि नंतरची तयारी

हिंजवडीतली किंवा खराडीतली नोकरी सोडून गावाकडे जावे, आपले अन्न आपण पिकवावे, कमी वस्तूंत आणि कमी कचऱ्यात जगावे, हा विचार ज्यांच्या मनात वर्षानुवर्षे घोळतो आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः चौदा वर्षे सॉफ्टवेअर क्षेत्रात काढून आता भोर तालुक्यात शेती करतो. या काळात एक गोष्ट मला पुन्हापुन्हा पटत गेली, ती अशी की राजीनामा ही या बदलातली जवळजवळ शेवटची पायरी आहे. आधी राजीनामा देऊन मग जमीन शोधायला निघालेले अनेकजण दोन-तीन वर्षांत शहरात परतलेले मी पाहिले. त्यांच्या जिद्दीत उणे काहीच नव्हते, फक्त क्रम चुकला होता.

थकवा आणि ओढ वेगळी करावी

सलग तीन-चार आठवड्यांची रजा घ्यावी. पहिला आठवडा झोपेतच जातो, तो हिशेबात धरू नये. त्यानंतरही सकाळी लवकर उठून मातीत हात घालावासा वाटत असेल, तर ती ओढ खरी मानायला हरकत नाही. तसे वाटत नसेल, तर कदाचित प्रकल्प किंवा कंपनी बदलूनही प्रश्न सुटेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. याच रजेत जोडीदाराशी आणि आईवडिलांशी सविस्तर बोलावे. मुलांची शाळा, रात्री-अपरात्री लागणारे रुग्णालय, जोडीदाराचे स्वतःचे काम या तीन प्रश्नांची उत्तरे सर्वांना पटेपर्यंत पुढे जाऊ नये.

बारा महिन्यांचा खर्च दोन रकान्यांत मांडावा

मागच्या वर्षाचे बँकेचे आणि कार्डाचे उतारे काढून प्रत्येक खर्च ‘जगण्याचा’ किंवा ‘नोकरीमुळे होणारा’ अशा एका रकान्यात टाकावा. आमच्या घरात कॅब, रात्री उशिरा मागवलेले जेवण आणि शीण घालवण्यासाठी केलेल्या सहली मिळून जवळजवळ तिसरा हिस्सा दुसऱ्या रकान्यात गेला, आणि तो आकडा पाहून आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो होतो. पहिल्या रकान्यात जे उरेल त्याची महिन्याची सरासरी काढून तिच्या छत्तीस पट रक्कम हाताशी असावी. दरमहा ४०,००० रुपये लागत असतील तर ती १४ लाख ४० हजार होते. जमीन, विहीर, कुंपण यांचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा ठेवावा. गृहकर्ज चालू असेल तर आधी ते फेडावे किंवा घर विकावे. हप्ता डोक्यावर ठेवून शेतीचा प्रयोग केला की पहिल्याच पडेल बाजारभावाला माणूस खचतो.

शहरातल्या घरातच सराव सुरू करावा

साधे जगणे गावी गेल्यावर आपोआप येत नाही, त्याची सवय फ्लॅटमध्येच लावून घ्यावी लागते. सुरुवात ओल्या कचऱ्यापासून करावी. झाकणाच्या मोठ्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोके पाडून खाली सुक्या पानांचा चार बोटे थर द्यावा. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकावा आणि प्रत्येक वेळी त्यावर साधारण तेवढाच सुका पाला पसरावा. आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली करावे आणि मूठभर कचरा हातात दाबून पाहावा: हात ओलसर झाला पण पाणी ठिबकले नाही, तर ओल योग्य आहे. आंबूस वास येऊ लागला तर पाणी जास्त झाले आहे असे समजून आणखी सुका पाला घालावा. साधारण दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होते. हा वास एकदा नाकाला ओळखीचा झाला की पुढे शेतातल्या मातीची तब्येतही मुठीत घेऊन कळू लागते.

जमीन घेण्याआधी काम शिकावे

तंत्रज्ञ माणसाने गावी जाऊन काय करावे, याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रातले काम सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करतच शिक्षण होते, ही त्यांची धारणा होती, आणि तिथे आजही शेती, बांधकाम, वीज, जोडारीकाम अशी कौशल्ये प्रत्यक्ष करून शिकवली जातात. आपले आधीचे ज्ञान टाकून न देता त्याला नव्या ठिकाणी कामाला कसे लावावे, हे अशा जागी जाऊन पाहण्यासारखे आहे.

निदान एक संपूर्ण वर्ष, म्हणजे पेरणी, खुरपणी, काढणी आणि उन्हाळ्यातली मशागत असे सगळे हंगाम, कुणातरी शेतकऱ्याच्या रानात सुट्टीच्या दिवशी राबावे. मे महिन्यात दुपारी बारा वाजता कुदळ धरल्याशिवाय आपल्याला किती क्षेत्र झेपेल हे कळत नाही. मला पाच एकर हवे होते, वर्षभरानंतर मी दीड एकरावर समाधान मानले.

जमीन पाहावी, पण सर्वांत आधी पाणी पाहावे

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ ची ही तरतूद आहे. त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव लागले आहे का, हे आधी तपासावे. भाडेपट्ट्यालाही हीच परवानगी लागते, त्यामुळे नाव नसेल तर शेतकरी मित्रासोबत काम करणे हा मार्ग आहे. त्याचा करार मात्र वकिलाकडून नीट करून घ्यावा.

सातबारा हाती आला की केवळ मालकाचे नाव वाचून थांबू नये. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर ती विकायला सरकारी परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा असे बरेच काही दडलेले असते. जुने फेरफार मागवून नावे कशी बदलत आली ते पाहावे, शासकीय मोजणी करून हद्दी ठरवून घ्याव्यात आणि शेतात जाण्याचा रस्ता नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या चांगुलपणावर, हे विचारावे. एक-दोन गुंठ्यांचे ‘फार्महाऊस प्लॉट’ विकणाऱ्यांच्या बाबतीत तुकडेबंदी कायद्याची (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यास हा कायदा मनाई करतो) अडचण आणि सातबाऱ्यावर नाव स्वतंत्र लागणार की सामाईक, हे कळल्याशिवाय विसारही देऊ नये.

मी पहिली जमीन श्रावणात पाहायला गेलो होतो. सगळीकडे हिरवेगार, विहीर काठोकाठ भरलेली, आणि मी व्यवहार करायच्या तयारीत. बांधावर गुरे घेऊन उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “दादा, आत्ता सगळ्यांच्याच विहिरी भरल्यात. पाणी बघायचं तर वैशाखात या.” मी वैशाखात गेलो. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, तो खडकावर आपटल्याचा कोरडा आवाज आला, आणि वर ओढल्यावर दोरीचे जेमतेम वीतभर टोक भिजलेले होते. त्या गृहस्थांना आम्ही आता तात्या म्हणतो, आणि आज मी कसतो ती जमीन त्यांनीच दाखवलेली आहे.

पाण्याचा जमाखर्च कसा मांडावा, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडून शिकावे. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने पावसाचे मोजमाप करून, उपलब्ध पाणी पाहून पिके ठरवण्याची पद्धत बसवली. आपल्या रानातही तेच करता येते. १,००० चौरस फुटांच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ६५,००० लिटर पाणी पडते. त्यातले काही वाया गेले तरी एका कुटुंबाच्या पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याची वर्षभराची सोय होते, अर्थात तेवढी मोठी टाकी बांधली तर.

पहिली दोन वर्षे घरापुरते पिकवावे

राजीनाम्यानंतर सुरुवातीला विकण्यासाठी काही पेरू नये. भात किंवा ज्वारी, एखादी डाळ, भुईमूग आणि परसबागेतला भाजीपाला एवढ्याने घर चालवून पाहावे. रासायनिक खते टाळायची असतील तर जीवामृत हा सोपा आरंभ आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून सावलीत दोन-तीन दिवस ठेवावे आणि रोज काठीने ढवळावे. एवढे एका एकराला पुरते. पहिल्या वर्षी उत्पन्न घटण्याची शक्यता मनात धरूनच हे करावे. या काळात आठवड्यातले दोन दिवस जुन्या व्यवसायातले सल्लागाराचे काम घरून करत राहिल्यास शेतीवर पैशाचा ताण येत नाही. याला कुणी अर्धवटपणा म्हणेल, माझ्या मते ते शहाणपण आहे.

ही सगळी आखणी झाली की राजीनामा द्यावा

ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते, आणि भविष्य निर्वाह निधी पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो. त्यामुळे काही महिनेच कमी पडत असतील तर थांबावे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून स्वतंत्र पॉलिसी आधीच घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. नोटीसच्या काळात आपले काम सहकाऱ्यांच्या हाती नीट सोपवावे. पुढे सल्लागाराचे काम याच माणसांकडून येते.

रिकाम्या वेळाची सवय लावून घ्यावी

गावी गेल्यावर सर्वांत अवघड गेले ते मोकळे दिवस. पावसाची झड लागली की शेतात जाता येत नाही, मीटिंग नसते, आणि आपण कोण आहोत हा प्रश्न समोर येऊन बसतो. त्या दिवसांसाठी एक शिकण्याचा विषय ठरवून ठेवावा. मी झाडे ओळखायला शिकलो, माझ्या पत्नीने बियाणे राखायला सुरुवात केली. रोज रात्री वहीत पाऊस, काम आणि मनाची अवस्था असे तीन ओळींत लिहावे. वर्षानंतर ती वही वाचताना आपल्यात झालेला बदल तारखेनिशी दिसतो.

आणि ग्रामसभेला जावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सहसा ठरलेल्या असतात. पहिले वर्षभर मागे सतरंजीवर बसून फक्त ऐकावे, नावे आणि नाती लक्षात ठेवावीत. दुसऱ्या वर्षी कुणीतरी वळून विचारते, “तुम्हाला काय वाटतं?” तेव्हा बोलावे.