मिसिसिपी, अर्कान्सा की न्यू मेक्सिको: पोरगं पाठवण्याआधी ‘गरीब’ राज्य कसं तपासायचं

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालेल्या पोराला अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, की घरात पेढे वाटले जातात आणि न्यू जर्सीतल्या मामाचा फोन येतो, “मिसिसिपी? ते तर सगळ्यात मागास!” मामाचं म्हणणं निम्मं खरं असतं. उरलेलं निम्मं घरबसल्या मोबाइलवर तपासता येतं. एक संध्याकाळ पुरते.

आधी नाव आणि आकडा वेगळे करा. अलाबामा-अर्कान्सातले लोक स्वतःच म्हणतात, “देवाची कृपा, मिसिसिपी आहे!” कारण यादीत शेवटचा नंबर आपला येत नाही. यवतमाळ म्हटलं की पुण्याच्या माणसाला एकच बातमी आठवते, तसंच हे. नाव जुन्या बातमीवर चालत राहतं. २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात मिसिसिपी जवळपास तळाला होतं. त्याच वर्षी कायदा झाला. तिसरीत वाचता आलं नाही तर पोराला पुढं ढकलायचं नाही, आणि शिक्षकांनाही अक्षर-उच्चार शिकवण्याचं प्रशिक्षण द्यायचं. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या वाचनात ते राज्य नववं आलं, तळाला न्यू मेक्सिको राहिलं. आठवीत मात्र मिसिसिपी अजून देशाच्या सरासरीखालीच आहे. म्हणून कुठलाही आकडा घेताना साल आणि इयत्ता दोन्ही बघा.

आता पैसा. तिथल्या जनगणना खात्याच्या ‘क्विकफॅक्ट्स’ पानावर राज्याचं नाव टाका आणि घरटी मध्यम उत्पन्न घ्या, म्हणजे सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावली की अगदी मधल्या घराचं. सरासरी घेऊ नका, दोन-चार गडगंज घरं ती फुगवतात. २०२३ मध्ये मिसिसिपीचं मध्यम उत्पन्न सुमारे ५४ हजार डॉलर होतं, देशाचं ७७ हजारांच्या पुढे. त्याला लगेच रुपयांनी गुणायला बसू नका. आधी महागाईचा हिशेब लावा. तिथलं आर्थिक विश्लेषण खातं दरवर्षी ‘रीजनल प्राइस पॅरिटी’ काढतं. देश १०० धरला तर मिसिसिपी-अर्कान्सा ८७ च्या आसपास, कॅलिफोर्निया ११२ च्या आसपास. पगार भागिले तो आकडा, गुणिले १००. मिसिसिपीतले ६० हजार झाले सुमारे ६९ हजार, कॅलिफोर्नियातले ७५ हजार झाले सुमारे ६७ हजार. म्हणजे कमी पगाराचं पत्र इथं जास्त भरतं. फरक मुख्यतः घरभाड्यातून येतो. गाडी, फोन, विमानाचं तिकीट सगळीकडे जवळपास तेवढंच पडतं, त्यामुळे एकट्या, खोली वाटून राहणाऱ्या पोराला एवढा फायदा दिसणार नाही.

गरिबीच्या टक्क्यातही एक खोच आहे. नेहमीची सरकारी दारिद्र्यरेषा भाडं बघत नाही, स्वस्त राज्याला आणि महागड्या राज्याला तीच. त्या हिशेबाने २०२३ मध्ये लुइझियाना १९ टक्क्यांजवळ, मिसिसिपी १८, देश साडेबारा. पण घरखर्च आणि सरकारी मदत धरून जे दुसरं माप काढतात, त्यात कॅलिफोर्निया सगळ्यात जास्त गरिबीच्या राज्यांत जाऊन बसतं.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथंच फसतात: राज्य सोडा, काउंटी बघा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आकाराने पुष्कळदा तालुक्याएवढा. अर्कान्सातच बेंटन काउंटीत वॉलमार्टचं मुख्यालय आहे, आयटीतली भारतीय घरं आहेत. मिसिसिपी नदीकाठच्या फिलिप्स काउंटीचं मध्यम उत्पन्न त्याच्या निम्म्याहूनही कमी. अलाबामा मागास म्हणतात, पण नासाचं रॉकेट केंद्र त्याच राज्यात हंट्सव्हिलला आहे. लहान काउंटीसाठी पाच वर्षांचे एकत्रित आकडे घ्या, एका वर्षाच्या आकड्यात चूक मोठी असते. कॉलेजच्या गावात, म्हणजे मिसिसिपी स्टेट जिथं आहे त्या स्टार्कव्हिलसारख्या ठिकाणी, गरिबी फुगलेली दिसते. वसतिगृहातली मुलं मोजत नाहीत, पण बाहेर खोली करून राहणारी, उत्पन्न नसलेली मुलं गरीब म्हणून मोजली जातात.

आयुर्मानाचा नंबर वाचताना फरकही बघा. २०२१ मध्ये मिसिसिपी ७०.९ वर्षं, वेस्ट व्हर्जिनिया ७१.०. शेवटचा आणि त्याच्या वरचा, पण मधे काहीच नाही. हवाई ७९.९, हा फरक खरा.

दवाखान्याचं मात्र नीट विचारा, विशेषतः जोडपं जाणार असेल तर. मिसिसिपी आणि अलाबामाने गरिबांच्या मेडिकेड विम्याचा विस्तार केलेला नाही. अर्कान्सा, लुइझियाना, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, न्यू मेक्सिको यांनी केला. आपल्या पोराला तो विमा लागू होत नाही, पण विमा नसलेल्यांची बिलं बुडाली की खेड्यातल्या दवाखान्यावर ताण येतो, आणि पुष्कळदा आधी बाळंतपणाचा वॉर्ड बंद होतो. म्हणून जवळचा दवाखाना किती मैलांवर, तिथं बाळंतपण होतं का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

पाण्याचंही विचारा. अमेरिका आहे म्हणून नळ चालूच असेल असं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मिसिसिपीची राजधानी जॅक्सनचं जलशुद्धीकरण कोलमडलं आणि लोक बाटल्यांसाठी रांगेत उभे राहिले. किराण्यावरचा कर पावतीवर दिसतो. मिसिसिपीत तो ७ टक्के होता, जुलै २०२५ पासून ५. गाडीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा, या राज्यांत एसटीसारखं काही नाही, आणि तूर डाळीचं दुकान दोन तासांवर असू शकतं.

शेवटचा फोन मामाला नको, त्याच काउंटीत आज राहणाऱ्या मराठी किंवा तेलुगू विद्यार्थ्याला करा. भाडं, गाडीचा विमा, वादळाचा भोंगा झाला की कुठं जायचं, एवढं विचारा. स्वस्तात मिळतं म्हणून ‘मोबाइल होम’, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेलं हलकं घर, घेऊ नका. टोर्नेडोचा इशारा आला की पक्क्या इमारतीकडे निघावं लागतं, आणि पुष्कळदा ते रात्री.