सायकल बाहेर काढायच्या आधी लाईट चार्ज झालाय का बघा

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात सध्या सायकलचं खूळ आलंय, दोघी-तिघींनी नव्या घेतल्या आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ताई पडल्यावर घरी कळवणारं स्मार्ट घड्याळ कुठलं घेऊ. मी म्हटलं घड्याळ नंतर बघू, आधी तुझ्या नवऱ्याचा नंबर पाठ म्हणून दाखव. हसल्या सगळ्या, पण एकीलाही येईना.

मला हे सुचलं कारण दोन हिवाळ्यांपूर्वी मी खंडवा रोडवर तेजाजीनगरच्या पुढे सिमरोलकडे जाताना वळणावर रेतीवरून घसरले. मनगटाला हेअरलाईन फ्रॅक्चर, बाकी काही नाही. जवळच्या चहाच्या टपरीवाल्या भैयाने उचलून बाकावर बसवलं आणि विचारलं, दीदी घर का नंबर बोलो. फोन शाबूत होता पण लॉक, हात इतका थरथरत होता की पॅटर्न जमेना, आणि २२ वर्षांच्या संसारानंतर मला ह्यांचा नंबर आठवेना. जो आठवला तो माहेरच्या लँडलाईनचा, जो कधीच कापला गेलाय.

तर सुरुवात फोनपासून. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी असतं, तिथे ब्लड ग्रुप, ऍलर्जी आणि दोन जणांचे नंबर टाका आणि ते लॉक स्क्रीनवर दिसू दे हा पर्यायही चालू करा, तो बरेचजण विसरतात. आयफोनवाल्यांनी हेल्थ ऍपमध्ये मेडिकल आयडी भरायचा. मग कोणीही तुमचा फोन अनलॉक न करता इमर्जन्सी दाबून घरी फोन लावू शकतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की एसओएस, म्हणजे मदतीचा कॉल लागतो, पण तो आधी सेट करावा लागतो. सरळ फोन करायचा तर ११२, ऍम्ब्युलन्ससाठी १०८. आणि एवढं सगळं करूनही फोन फुटू शकतो म्हणून मी हेल्मेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, त्यावर नाव, ब्लड ग्रुप आणि दोन नंबर. याला ना चार्जिंग लागतं ना नेटवर्क.

लाईव्ह लोकेशन व्हॉट्सऍपवर १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असं देता येतं. सरळ ८ तासांचं द्या, १ तासाचं दिलं की नेमकं आपण परतीच्या वाटेवर असताना बंद पडतं आणि घरी फोनाफोनी सुरू होते. आणि नुसतं पाठवून भागत नाही, बघणाऱ्याशी ठरवून ठेवावं लागतं की ठिपका किती वेळ हलला नाही तर फोन करायचा. आमच्याकडे २० मिनिटं ठरलंय. एकदा मी पोहे खायला थांबले, गप्पांत ४० मिनिटं गेली आणि सासूबाईंनी ह्यांना गाडी काढायला लावली, तेव्हापासून पोह्यांना थांबले की आधी मेसेज टाकते. सिमरोल घाटात, चोरलकडे मध्येमध्ये नेटवर्क जातं, ठिपका तिथेच गोठतो, तेही घरी आधी सांगून ठेवायचं. बॅटरी सेव्हर चालू असला तरी लोकेशन मध्येच थांबतं, तो बंद ठेवा.

मुलींनो, राईड नोंदवणारं स्ट्रावा ऍप वापरत असाल तर प्रायव्हसीत जाऊन घराजवळचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवा. नाहीतर तुम्ही रोज सकाळी किती वाजता कुठल्या गेटमधून निघता हे अनोळखी माणसालाही नकाशावर दिसतं.

आता घड्याळ. ऍपल वॉचमध्ये सिरीज ४ पासून पुढे फॉल डिटेक्शन आहे, जोरात पडलात आणि साधारण मिनिटभर हलला नाहीत तर ते स्वतः फोन लावतं, पण सेटिंगमध्ये ते चालू आहे का ते एकदा बघून घ्या. गार्मिनचं इन्सिडंट डिटेक्शन घरच्यांना मेसेज पाठवतं पण त्याला जोडलेला फोन जवळ हवा आणि फोनला रेंज हवी. आयफोन १४ पासूनचं क्रॅश डिटेक्शन मुळात कारच्या टकरीसाठी बनवलंय, सायकलवरून पडल्यावर ते वाजेलच असं धरून चालू नका. मला विचाराल तर ही सगळी पडल्यानंतरची औषधं. पैसे कमी असतील तर आधी पडायचंच टाळणाऱ्या गोष्टीवर घाला, आणि ती म्हणजे लाईट.

मागचा लाल लाईट दिवसाही ब्लिंकिंगवर ठेवा. ऊन असलं तरी चमकणारी गोष्ट डोळ्यांना लवकर दिसते आणि मागून ताशी ६० ने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे येते, म्हणजे ड्रायव्हरने तुम्हाला दोन सेकंद आधी पाहिलं तर त्याच्या हातात ३३ मीटर जास्त येतात. लाईट सीटखालच्या दांड्यावर लावा, पण वर लोंबणारा स्वेटर किंवा कॅरिअरवरची पिशवी त्याच्यावर येत नाही ना हे कोणालातरी मागे उभं करून बघायला सांगा. मी सहा महिने आपल्याच जॅकेटने लाईट झाकून फिरत होते, मागून येणाऱ्या वहिनीने सांगितलं तेव्हा कळलं! पुढचा पांढरा लाईट अंधारात ब्लिंकिंगवर नको, स्थिर ठेवा आणि थोडा खाली झुकवा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात आणि तोच आपल्या अंगावर येतो.

पण लाईट घेणं सोपं, चार्ज करून ठेवणं अवघड. माझा उपाय असा की रात्री विरजण लावते तेव्हाच दोन्ही लाईट चार्जिंगला लावते. दही रोज लागतंच, त्यामुळे लाईट विसरत नाही. तुमच्या घरी विरजण लागत नसेल तर गॅसचा नॉब बंद करताना, दाराची कडी लावताना, रोज होतं अशा कशालातरी ते बांधून टाका.

कपड्यांचं एक समजून घ्या. पोपटी-केशरी फ्लोरोसंट जॅकेट दिवसा उठून दिसतं कारण ते उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतं, रात्री त्याचा काही उपयोग नाही. रात्री लागते ती रिफ्लेक्टिव्ह पट्टी, जी गाडीच्या हेडलाईटचा उजेड परत फेकते. आणि ती पाठीपेक्षा घोट्याला बांधा, कारण पेडल मारताना ती वरखाली होते आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा खांब नाही, माणूस आहे.

उन्हाचंही गणित आहे. सकाळी सुपर कॉरिडॉरवरून एमआर-१० रस्त्याकडे परत येताना सूर्य तोंडावर येतो, तेव्हा आपल्याला वाटतं त्रास आपल्यालाच होतोय, पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं आणि त्याला आपण दिसतच नाही. उलट आपली सावली पुढे लांब पडली असेल तर समोरून येणारा आंधळा झालेला असतो. सावली बघून सावध व्हायचं, ह्याला कुठलं ऍप लागत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, धुकं असेल तर अर्धा तास उशिरा निघा, पोहे-जिलेबी कुठे पळून जात नाहीत. ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली ती त्याच सुपर कॉरिडॉरवर, रस्ता रुंद आणि मोकळा म्हणून आपल्याला आवडतो आणि नेमका म्हणूनच गाडीवालेही तिथे सुसाट असतात.

मागून गाडी येतेय हे सांगणारा रडारही मिळतो, गार्मिनचा वारिया म्हणून आहे, साधारण १४० मीटरवरून गाडी ओळखतो. बायपासवर मस्त, पण गर्दीच्या जेल रोडवर नेलात तर ते यंत्र सारखं टिकटिकत राहील आणि तुम्हीच वैतागून बंद कराल. शहरात त्यापेक्षा हँडलला उजवीकडे लावायचा साधा आरसा कामाला येतो. तरी वळायच्या आधी मान वळवून बघायचं आणि हात दाखवायचा, आरशात सगळं दिसत नाही.

हेल्मेटबद्दल. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरमध्ये हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा आदेश निघाला तेव्हा आम्ही सायकलवाले खूप हसलो, आम्हाला कोण पंपावर अडवणार. पण डांबर अडवतं ना. सायकलच्या हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी हे सुरक्षेचं मानक लिहिलेलं बघा. कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं जागा राहावी, पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही सारखे जुळावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटंच जावीत. मागे सरकवून टोपीसारखं घातलं तर कपाळ उघडं पडतं. एकदा जोरात आपटलं की बदला, वरून चीर दिसत नसली तरी आतला थर्माकोल दबलेला असतो.

रस्त्यावर सगळ्यात वाईट सवय राँग साईडची. लोक म्हणतात समोरची गाडी दिसते म्हणून बरं. अहो, तुम्ही २० ने आणि गाडी ५० ने, समोरासमोर असाल तर ७० च्या वेगाने जवळ येता, एकाच दिशेने असाल तर ३० च्या. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा माणूस उजवीकडेच बघतो, तुम्ही त्याच्या डावीकडून उगवता. डावीकडूनच चालवा, पण अगदी कडेला चिकटू नका, मीटरभर आत राहा. नाहीतर गाडीवाल्याला वाटतं जागा आहे आणि तो घासून जातो. उभ्या गाड्यांच्या रांगेपासूनही दरवाजा उघडेल एवढं अंतर ठेवा. अन्नपूर्णा रोडवर मी आता काचेतून आत डोकं दिसतंय का बघत जाते, डोकं दिसलं की घंटी. स्वतः गाडीत असाल तेव्हा दार दारापासून लांब असलेल्या हाताने उघडा, अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. वळणाऱ्या ट्रकच्या किंवा बसच्या डावीकडे कधीच घुसू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात.

इअरफोन नको. रस्ता विचारायचाच असेल तर मॅप्सचा आवाज स्पीकरवर ठेवा.

निघताना टायर दाबून बघा, किती हवा भरायची ते टायरच्या कडेलाच लिहिलेलं असतं, मग दोन्ही ब्रेक, मग चेन. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे हे नव्या सायकलवर आधी तपासा, काहींमध्ये उलटा असतो आणि गडबडीत एकदम पुढचाच दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. पावसात रिमवाले ब्रेक उशिरा लागतात, झेब्राचे पट्टे आणि लोखंडी झाकणं साबणासारखी होतात, रेल्वेचे रूळ आडवे सरळ काटकोनात ओलांडा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला सायकल नेऊच नका, मी नेली होती.

आणि दुसरं कोणी पडलेलं दिसलं तर आधी मागचं ट्रॅफिक थांबवा, त्याची मान हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका आणि तोंडात पाणी ओतू नका, आपल्याकडे हे पाणी पाजायचं फार आहे, मलाही त्या भैयाने पाजलंच होतं. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या भानगडीला घाबरून निघून जाऊ नका. १०८ ला फोन कराल तेव्हा हायवेवर असाल तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा, "सिमरोल के पास" म्हटलं तर ते अर्धा तास शोधत बसतील.