मुलांना आरोग्याच्या सवयी लावताना देवाचं नाव पुढे करता? या चुका टाळा

मूल भाजी बाजूला सारतं आणि आपल्या तोंडून सहज निघून जातं, "अन्न टाकलेलं देवाला आवडत नाही हं." ताट रिकामं होतंही. पण त्या घासांबरोबर मुलाच्या मनात देवाचं एक चित्रही तयार होतं: ताटावर पाळत ठेवणारा कुणीतरी. ख्रिस्ती घरांत आरोग्याच्या सवयी लावताना होणाऱ्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. जी श्रद्धा मुलाला धीर देऊ शकते, तिचाच धाक घातला जातो.

वचनाचा दंडुका करणे

सर्वांत जास्त वापरलं जाणारं वचन म्हणजे बायबलमधलं १ करिंथ ६:१९, शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. प्रेषित पौलाने ते करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं तेव्हा विषय जारकर्माचा, म्हणजे अनैतिक लैंगिक संबंधांचा होता, चॉकलेटचा नाही. त्यातलं तत्त्व खाण्यापिण्याला लावता येतं, हे मान्य. पण अंगाने जाड असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला तुम्ही ते जेवताना ऐकवता, तेव्हा तिला एवढंच कळतं की माझं शरीर देवाला पसंत नाही. वजनावरून बोलणी खाणारी मुलं बऱ्याचदा लपून खायला लागतात, नाहीतर जेवणच टाळतात. दोन्ही वाईट.

मजा म्हणजे पुढचं वचन वाचायचं राहूनच जातं. तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, असं तिथे म्हटलंय. म्हणजे शरीराचं मोल आधीच ठरलंय. ते सडपातळ झाल्यावर ठरणार नाही. मुलांशी बोलतानाही हाच क्रम ठेवा. आधी "तू देवाला प्रिय आहेस", मग "म्हणून आपण शरीराची काळजी घेतो." आणि वजनाचा विषय जेवणाच्या टेबलावर काढूच नका. तिथे फक्त जेवा.

बाबेलच्या राजदरबारात नेलेल्या दानीएलाच्या गोष्टीचंही तसंच होतं. दहा दिवस शाकभाजी आणि पाणी घेऊन तो धष्टपुष्ट दिसला, ही गोष्ट संडे स्कूलमध्ये भाजीची जाहिरात म्हणून सांगितली जाते. पण राजाच्या अन्नाने स्वतःला विटाळायचं नाही, हा निश्चय दानीएलाने स्वतः केला होता. कुणी जबरदस्ती केली नव्हती. (शिवाय दहाव्या अध्यायात तीन आठवडे मांस आणि द्राक्षारस सोडल्याचं तो सांगतो, म्हणजे एरवी घेत असणारच.) मुलाला नवी भाजी आवडायला ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागू शकते. एक लहान तुकडा वाढा, स्वतः खा, गप्प बसा. "भाजी संपव, मग गोड देते" हा सौदा टाळा. त्यातून मूल भाजीला शिक्षा समजतं आणि गोडाला बक्षीस.

झोपेला आळस म्हणणे

उशिरा उठणाऱ्या किशोरवयीन मुलाला बायबलच्या नीतिसूत्रांतली, आळशाने जिच्याकडून शिकावं ती मुंगी दाखवण्याची हौस अनेकांना असते. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे त्याला रात्री लवकर झोप येत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास, तर त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १० तास झोप लागते. १ राजे १९ मध्ये थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग परत खायला उठवलं. देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर.

मुलं झोपायला कुरकुर करत असतील तर आधी फोन खोलीबाहेर ठेवा, तुमचासुद्धा. कौटुंबिक प्रार्थना लांबत असेल तर ती जेवणाच्या आधी घ्या आणि झोपताना दोन ओळींची ठेवा. प्रार्थनेत डुलकी लागलेल्या लहानग्याला रागावण्यात काही अर्थ नाही.

आजारपणाचा हिशेब पापाशी जोडणे

"ऐकलं नाहीस ना, म्हणून देवाने ताप दिला." ही चूक सर्वांत खोल जखम करते, कारण मूल ते खरं मानतं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशूने त्याच्या किंवा आईबापांच्या पापाशी त्याचा संबंध जोडायला स्पष्ट नकार दिला (योहान ९). मुलासाठी प्रार्थना करा आणि औषधही वेळेवर द्या. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावरही येशूने घरच्यांना सांगितलं ते हेच की हिला काहीतरी खायला द्या.

आता एखादं चुणचुणीत मूल म्हणेल, "येशूचे शिष्य तर हात न धुता जेवले!" मार्क ७ वाचल्याबद्दल शाबासकी द्या. मग सांगा की तिथला वाद परुश्यांच्या (कडक नियम पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या) शुद्धीच्या परंपरेचा होता, जंतूंचा नव्हता. साबणाने वीस सेकंद हात धुवायचेच.

दातांसाठी वचन शोधत बसू नका. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना स्वतः नीट घासता येत नाहीत, तुम्ही मदत करा.

उपवास मुलांवर लादणे

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मोठ्यांचं पाहून मुलंही जेवण सोडायचं म्हणतात आणि आपल्याला कौतुक वाटतं. कॅथलिक चर्चच्या नियमांतसुद्धा उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच लागतं, आणि मांस वर्ज्य करण्याचं चौदा पूर्ण झाल्यावर. वाढत्या वयातल्या मुलाने एखादा आवडता खेळ किंवा कार्टून सोडावं, जेवण नाही. आणि एखादी किशोरवयीन मुलगी किंवा मुलगा उपवासकाळ संपल्यावरही "प्रभूसाठी" म्हणून जेवण टाळत असेल, वजन उतरत असेल, तर पाळकांशी बोलायला नंतर जा. आधी डॉक्टरांकडे न्या.