पेशी वाढवण्यासाठी हायलुरोनिक आम्लाचे हायड्रोजेल: प्रयोगशाळेत कसे तयार करावे

कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील काचरसातून हायलुरोनिक आम्ल वेगळे केले. आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि कूर्चेत ते मुळातच असते. मात्र शरीर ते झपाट्याने मोडत आणि नव्याने घडवत असल्याने नुसते द्रावण टोचले तर पेशींना टिकाऊ आधार मिळत नाही. म्हणून त्याच्या साखरेच्या घटकांनी बनलेल्या लांब साखळ्या एकमेकींना बांधून पाणी धरून ठेवणारे जाळे, म्हणजे हायड्रोजेल, करावे लागते. येथे त्यासाठी सर्वांत रुळलेली पद्धत, म्हणजे साखळीला मेथाक्रिलेट हे प्रकाशात एकमेकांशी जोडले जाणारे रासायनिक गट लावून प्रकाशाने जेल गोठवण्याची पद्धत, दिली आहे. ती केवळ संशोधनासाठी आहे. असे जेल रुग्णावर वापरता येत नाही.

कच्चा माल म्हणून जिवाणूंच्या किण्वनातून मिळणारे सोडियम हायलुरोनेट घ्यावे आणि त्याचा रेणुभार (साखळीच्या लांबीचे माप) साधारण ६० ते १०० किलोडाल्टन, म्हणजे ६० हजार ते १ लाख डाल्टन, असावा. दहा लाख डाल्टनच्या पुढचा माल नैसर्गिक स्थितीच्या जवळचा असतो हे खरे, पण त्याचे एक टक्क्याचे द्रावणही इतके घट्ट होते की पुढे ना नीट ढवळता येते, ना गाळता येते. पाकिटावर एंडोटॉक्सिनचे (जिवाणूंपासून उरणाऱ्या, पेशींना त्रासदायक अशा अंशाचे) प्रमाण दिलेले नसेल तर पेशींच्या कामासाठी तो माल घेऊ नये. ही पूड हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. अन्यथा वजनात पाणीही मोजले जाते.

१ ग्रॅम पूड १०० मिलिलीटर शुद्ध पाण्यात, जोरात ढवळत, चिमटीचिमटीने टाकावी. एकदम ओतली तर पिठल्यातल्या बेसनासारख्या गुठळ्या होतात आणि आतली पूड कोरडीच राहते. द्रावण पारदर्शक झाल्यावर भांडे बर्फात ठेवून सुमारे १ मिलिलीटर मेथाक्रिलिक अॅनहायड्राइड थेंबाथेंबाने घालावे. हे रसायन झोंबणारे आणि दाहक आहे, तेव्हा हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच) करावे.

यानंतरचे काही तास मला संपूर्ण कृतीत सर्वांत महत्त्वाचे वाटतात. अॅनहायड्राइड पाण्यात मिसळत नाही, त्याचे तेलकट थेंब वेगळेच राहतात, आणि त्याचा काही भाग साखळीला जोडला जाण्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून आम्ल बनतो. त्यामुळे पीएच (आम्लतेचे माप) सतत खाली येतो आणि ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून तो ८ ते ८.५ दरम्यान धरून ठेवावा लागतो. पीएच घसरू दिला तर जोडणी मंदावते. फार चढू दिला तर जोडलेले एस्टर बंधच तुटू लागतात. मीटरसमोर बसून राहण्याला पर्याय नाही. पीएच स्थिरावला की भांडे रात्रभर ४ अंश सेल्सिअसला ढवळत ठेवावे.

नंतर ६ ते ८ किलोडाल्टन छिद्रमर्यादेच्या नळीत तीन ते पाच दिवस डायलिसिस करावे, म्हणजे लहान रेणू पाण्यात निघून जातात आणि साखळ्या आत राहतात; पाणी रोज किमान दोनदा बदलावे आणि द्रावण गोठवून शुष्क करावे. पांढरा, कापसासारखा पदार्थ मिळतो. तो उणे २० अंशांवर, अंधारात ठेवावा.

जोडणी किती झाली हे प्रोटॉन एनएमआरवर, म्हणजे रेणूतील हायड्रोजनांच्या खुणा शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहावे. मेथाक्रिलेटची दोन शिखरे सुमारे ५.७ आणि ६.१ पीपीएमला (आलेखाच्या आडव्या अक्षावरील एकक) दिसतात. त्यांच्या क्षेत्रफळांची सरासरी साखरेच्या ३.२ ते ४.१ पीपीएममधील दहा प्रोटॉनांच्या तुलनेत मोजावी. २ पीपीएमजवळच्या अॅसिटिल शिखराशी तुलना करणे सोपे वाटते, पण मेथाक्रिलेटचा मेथिल गट त्याला खेटूनच असल्याने आकडा फसवा येऊ शकतो. ५.३ पीपीएमच्या आसपास अणकुचीदार शिखर उरले असेल तर मोकळे मेथाक्रिलिक आम्ल अजून धुतले गेलेले नाही; ते पेशींना घातक ठरते, म्हणून डायलिसिस पुन्हा करावे.

जेलसाठी २ टक्के पदार्थ आणि ०.०५ टक्के एलएपी हा प्रकाशप्रारंभक (प्रकाश पडताच जोडणी सुरू करणारे रसायन) पीबीएस या पेशींना मानवणाऱ्या क्षारद्रावणात विरघळवून ०.२२ मायक्रॉन गाळणीतून गाळावे. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेत साखळ्या तुटतात, तर पेशींच्या कामाच्या हूडमधील निर्जंतुक करणाऱ्या अतिनील दिव्याखाली जेल अवेळीच गोठू शकते. हे दोन्ही टाळावे. पेशी मिसळताना त्यांच्या द्रवामुळे मिश्रण पातळ होते, तेव्हा मूळ द्रावण त्या हिशेबाने थोडे अधिक संहत ठेवावे. दर मिलिलीटरला १० लाख ते १ कोटी पेशी, साच्याची जाडी १ ते २ मिलिमीटर, आणि ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॉट तीव्रतेने एक-दोन मिनिटे, एवढ्यावर सुरुवात करावी. पृष्ठभाग चिकट राहिला तर बहुधा हवेतल्या ऑक्सिजनने अभिक्रिया अडवलेली असते. साच्यावर काचपट्टी ठेवली की हा प्रश्न सुटतो.

या जेलमध्ये पेशी जिवंत राहतात, पण पसरत नाहीत, कारण त्यांना पकडायला जागा नसते. पसरणाऱ्या पेशी हव्या असतील तर प्रकाश देण्यापूर्वी सिस्टीन हे अमिनो आम्ल असलेले आरजीडी पेप्टाइड (पेशींना पकडायला जागा देणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) पीएच ८ ला जोडून घ्यावे. ताठरपणा वाढवण्याच्या मोहात प्रकाशाचा वेळ वाढवू नये. प्रकाशाने तयार होणाऱ्या मुक्त मूलकांचा (अतिक्रियाशील रेणूंचा) मार पेशींनाच बसतो.

रिओमीटरवर (जेलचा ताठरपणा मोजणाऱ्या यंत्रावर) १ टक्का विकृती आणि १ हर्ट्झला स्टोरेज मॉड्यूलस, म्हणजे ताठरपणाचा आकडा, वाढणे थांबून सपाट होईपर्यंत मोजावा. जेलचा एक तुकडा हायलुरोनिडेज (हायलुरोनिक आम्ल तोडणारे विकर) घातलेल्या पीबीएसमध्ये आणि दुसरा नुसत्या पीबीएसमध्ये, दोन्ही ३७ अंशांवर ठेवून ठराविक दिवसांनी वजन करावे. विकराविनाच दुसरा तुकडाही झपाट्याने विरघळत असेल, तर क्रॉसलिंकिंग (साखळ्यांची एकमेकींशी बांधणी) अपुरे झालेले आहे आणि आधी एनएमआरचा आकडा व दिव्याची प्रत्यक्ष तीव्रता तपासावी.